दिवेलागणीचं शून्य

दुपारी अडीचला फ्रिज थरथरला आणि घरातली शांतता मोडली. आधी एक 'खट्', लगेच दुसरा हलका धक्का, मग नेहमीची घूं घूं. मंजिरी कुशीवर वळली, पण उठली नाही. तिच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून मी मनात म्हटलं, कॉम्प्रेसर, जुना, दोन उचक्या देऊन चालू होणारा.

ही कामाची सवय.

मंजिरी, माझी मुलगी, चार वर्षांची आहे. दुपारी दीड ते तीन झोपते, आणि तेवढ्यात मी लॅपटॉप उघडते. पडद्यावर रेघा येतात, हिरव्या, वरखाली होणाऱ्या. मी प्रत्येक रेघेला नाव देते. मिक्सर. इस्त्री. पाण्याची मोटर. एक झाली की दुसरी. घरी सांगितलं होतं, 'कारखान्यातल्या मोटरींचा डेटा असतो.' ते अर्धं खरं होतं. मोटरी होत्या, कारखाना नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नांदळी गावातले सगळे जुने मीटर काढून नवे बसवले. जुना मीटर नुसती बेरीज ठेवायचा. नवा वीज कशी चालते ते बघतो. वीज घरात येते ती एका लयीत, सेकंदाला पन्नास हेलकावे घेत, आणि घरातलं प्रत्येक यंत्र ती लय आपापल्या पद्धतीनं थोडी बिघडवतं. गीझर एकदम पायरी चढतो आणि सपाट राहतो. मिक्सर सुरू होताना उसळी मारतो, मग चटणी बारीक होईल तसा हलका होत जातो. नवा मीटर हे सेकंदाला हजारो वेळा टिपतो. पण टिपणं वेगळं आणि कळणं वेगळं. 'हा मिक्सर, हा पंखा' असं त्याला कुणीतरी हजार वेळा दाखवावं लागतं, लहान मुलाला चित्रांचं पुस्तक दाखवतात तसं. ते दाखवणाऱ्या आमच्यासारख्या बायका होत्या, ज्यांची मुलं दुपारी झोपतात.

रेघेवर घराचं नाव नसायचं, नुसता लांबलचक आकडा. म्हणून मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

आधी हे सगळं वीजचोरीसाठी होतं. मग दूरच्या एका जिल्ह्यात दोन दिवस घरात कोंडलेलं मूल मीटरमुळे सापडलं. घरात स्वयंपाक झाला नाही, दिवे लागले नाहीत, पण कुणीतरी पंखा सारखा चालूबंद करतंय, हे यंत्राला दिसलं होतं. मूल वाचलं. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. अण्णांनीसुद्धा.

मग संगोपन कायदा आला. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक घराला गुण मिळू लागले. विजेची शेगडी किती वाजता लागते, टीव्ही कधी बंद होतो, दिवे रात्री कितीदा लागतात. गुण घसरले की अधिकाऱ्यांची भेट. भेटीत समाधान झालं नाही की मूल सरकारी बालभवनात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, सक्तीनं. यंदा त्यात अजून एक भर पडली. चार वर्षांचं मूल आजीआजोबांजवळ घरीच वाढत असेल, तर त्याचे गुण आपोआप पाचानं कमी.

"म्हणजे मी आणि तुझी सासू मिळून वजा पाच," अण्णा म्हणाले होते. "हिशोब बरोबर आहे. वजा अडीच अडीच."

अण्णा माझे सासरे. चाळीस वर्षं पोस्टात होते, शेवटची अकरा पोस्टमास्तर म्हणून. अजून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायला बसतात. मोर्चे, घोषणा, टायर जाळणं या सगळ्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. सरकारी नोकरीत जन्म गेला, सरकारला शिव्या घालणाऱ्यांना दारात उभं केलं नाही. आणि त्याच माणसानं बहात्तराव्या वर्षी 'आतली कडी समिती' काढली.

"सरकारनं रस्ते करावेत, विहिरी खणाव्यात, चोर धरावेत," ते पहिल्या सभेत म्हणाले. "पण दाराची आतली कडी आमच्या हातात. ती सरकारनं लावायची नाही आणि काढायचीही नाही."

शिक्षक कॉलनीतली दीडशेच्या वर घरं त्यांच्या मागे आली. बहुतेक माझ्या सासूबाईंसारखी माणसं, संध्याकाळी शुभंकरोती म्हणणारी, पाटी-पेन्सिलवर नातवंडांना श्री गिरवायला लावणारी. त्यांना कुणाशी भांडायचं नव्हतं. मूल आपलं आहे, एवढंच म्हणायचं होतं.

अण्णांचा एकच दंडक होता. कागदावर यादी नाही, फोनवर निरोप नाही. "एकदा नाव लिहिलं की ते कुणाच्या तरी हाती लागतं. मी पोस्टातला माणूस आहे, मला सांगू नका."

निरोप गेला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवातून. माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वाण म्हणून मातीची पणती दिली आणि प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावताना कानाशी सांगितलं, "रविवारी, दिवेलागणीला, मेन खाली. पंधरा मिनिटं. पणती लावायची. पुढं सांगा." त्या बायकांनी आपापल्या हळदीकुंकवात तेच सांगितलं. आठवड्यात निरोप गावभर गेला आणि कागदाच्या चिटोऱ्यावरही कुठे उमटला नाही.

"बघ," माई मला तिळगूळ भरता भरता म्हणाल्या, "आहे का त्यांच्या मीटरची टाप?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कारण मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं.

मेन स्विच मीटरच्या नंतर असतो. मेन पाडला तरी मीटर जागाच राहतो आणि लिहितो: शून्य. आणि शून्य कधी येतच नाही. लोक गावाला गेले, घराला कुलूप लागलं, तरी फ्रिज चालू असतो, राउटरचा दिवा लुकलुकत असतो, रेघ थोडी तरी हलते. लाईट गेली तर अख्खी गल्ली एका क्षणी जाते आणि मीटरही ते ओळखतो. शेजारच्या घरी वीज आहे, या घरी सपाट शून्य, याचा अर्थ एकच. कुणीतरी हात वर करून खटका खाली ओढलाय. शून्य म्हणजे माणूस.

ज्या लोकांनी यादी होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली, ते रविवारी संध्याकाळी स्वतःच्या हातानं आपली यादी करून देणार होते, मिनिटासकट.

मी बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर माईंनी विचारलं असतं, तुला गं कसं माहीत? मी तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावलं.

रविवारी सहा चोवीसला, पंचांगातल्या सूर्यास्ताच्या मिनिटाला, अण्णांनी मेन पाडला. आमचा फ्रिज गप्प झाला. गल्लीत पणत्या लागल्या. मंजिरीनं टाळ्या वाजवल्या. इतकं सुंदर दिसत होतं ते की मी मीटरकडे बघायचं टाळलं.

मंगळवारी दुपारी कामात नवीन वर्ग आला. 'शून्य-घटना'. पर्याय तीन: बिघाड, बंद घर, हेतुपुरस्सर. एकशे त्रेसष्ट रेघा. सगळ्यांत शून्याच्या आधीची दहा मिनिटं दिसत होती. सत्त्याऐंशीव्या रेघेत एक फ्रिज दोन उचक्या देऊन सुरू झाला आणि बाविसाव्या सेकंदाला सगळं सपाट.

आमचं घर.

मी लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवून बसले, जणू कुणी मागून बघत होतं. मग सगळ्या एकशे त्रेसष्ट रेघांना नाव दिलं: बिघाड. एक रेघ तीन बायकांकडे जाते, दोघींचं जुळेल ते खरं धरतात. संध्याकाळी निरोप आला, 'आपली नावे इतर दोघींशी जुळत नाहीत. कृपया काळजीपूर्वक काम करावे.' कुठल्यातरी गावात आणखी दोन मुलं दुपारी झोपली होती, आणि त्यांच्या आया माझ्यापेक्षा प्रामाणिक होत्या.

पुढच्या सोमवारी पत्रं आली. लहान मुलं असलेल्या अडतीस घरांना. 'आपल्या घरातील नोंद हेतुपुरस्सर खंडित केल्याचे आढळून आले आहे. पुनरावृत्ती झाल्यास बालकाची नोंदणी बालभवनात करण्यात येईल.' ज्यांनी मेन पाडला त्यांनाच पत्र. ऐनवेळी घाबरून ज्यांनी पाडला नाही, त्यांना नाही. पत्र मिळालेलं एकही घर चुकीचं नव्हतं.

आणि गावाचा चेहरा बदलला. कुणाच्या हळदीकुंकवाला कोण आलं होतं, कुणी दोनदा विचारलं होतं, कुणाचा भाचा कचेरीत आहे, हे सगळं निघालं. भाजीच्या गाडीपाशी बायका बोलता बोलता थांबू लागल्या. समोरच्या कालिंदीताई, ज्या माझ्याकडून हक्कानं विरजण नेत, त्या दारातून आत येईनात. कोण फुटलं? सगळ्यांच्या डोळ्यांत तेवढंच.

बुधवारी पाच वाजता मारुतीच्या देवळात सभा भरली. मी मंजिरीला मांडीवर घेऊन खांबाशी बसले. बोलणं फिरून फिरून दिगूवर आलं. दिगंबर वायरमन. गावातले निम्मे मीटर त्यानंच बसवले होते, आणि समितीत तो पहिल्या दिवसापासून होता.

"दिगू," कालिंदीताई म्हणाल्या, "तुझं पोरगं दोन वर्षांचं. तू म्हणतोस मेन पाडला. मग पत्र सगळ्यांना आणि तुला तेवढं नाही, असं कसं रे?"

"मला काय ठाऊक, ताई? मेन पाडला, बायकोनं पणती लावली, पोरगं अंधाराला भिऊन रडलं. शेजारी विचारा की."

"शेजारी तुझा मेव्हणा!"

हशा पिकला, पण त्या हशात गोडी नव्हती.

"मीटर बसवताना आम्हाला काय म्हणाला होतास? 'लई साधं यंत्र हाय, काकू.'" एक म्हातारी म्हणाली.

"मला जेवढं सांगितलं तेवढं मी सांगितलं. मारुतीरायाच्या पायावर हात ठेवतो, न्हाई फुटलो मी."

"ठेव की मग," कुणीतरी मागून म्हणालं.

पायरीवर बसलेला दिगू उठला. गाभाऱ्याकडे जाताना त्याच्या चपला काढायच्या राहिल्या, ते लक्षात आल्यावर तो गडबडून मागे फिरला, आणि तेवढ्यावरूनही लोकांनी एकमेकांकडे बघितलं. अण्णाही दिगूकडेच बघत होते.

"दिगू भाड्याच्या खोलीत राहतो," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "त्याच्या चाळीत सहा खोल्यांना मिळून एकच मीटर आहे. त्यानं त्याचा मेन पाडला तरी बाकी पाच खोल्या चालू होत्या. मीटरला शून्य दिसलंच नाही. म्हणून त्याला पत्र नाही." मग एका दमात उरलेलंही सांगून टाकलं. फ्रिजचं, राउटरचं, शून्याचं. "कुणी फुटलेलं नाही. आपणच सांगितलं त्यांना."



"तुला कसं माहीत?" अण्णांनी विचारलं.

मंजिरी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी तिच्या केसांकडे बघत म्हणाले, "मीटरला ओळखायला मी शिकवते, अण्णा. दुपारी. तेच काम आहे माझं."

घरी येताना दिगू कोपऱ्यापर्यंत आमच्या मागे मागे आला आणि नुसता हात जोडून वळला.

केदार, माझा नवरा, साखर कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. त्याला फोनवर सगळं कळलेलं होतं. "मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला. मग स्वतःशीच, "मी तरी कधी विचारलं म्हणा."

दोन दिवस अण्णा माझ्या हातचा चहा घेत होते, पण कप स्वतः उचलून मोरीत ठेवत होते. शुक्रवारी दुपारी मंजिरी झोपल्यावर ते चष्मा पुसत माझ्या शेजारी येऊन बसले. "दाखव."

मी एक घर उघडलं. नुसता आकडा. रेघ चालू लागली.

"हे काय?"

"पाणी तापवलं. आत्ता, भरदुपारी."

"आणि हे बारीक बारीक?"

"मोटरचा पाळणा. दर दोन तासांनी दहा मिनिटं."

"बाळंतीण आहे घरात," अण्णा हळूच म्हणाले. ते पुढे झुकले. "रात्री किती वेळा?"

"सहा. आणि प्रत्येक वेळी आधी स्वयंपाकघरातला दिवा."

"म्हणजे एकटीच उठते. दुसरा कुठलाच दिवा लागत नाही बघ. नवरा..." ते थांबले. सावकाश हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"चाळीस वर्षांत एक पाकीट उघडलं नाही मी, वृंदा. उजेडात धरूनसुद्धा बघितलं नाही. आणि आत्ता मला पुढचं बघावंसं वाटलं." त्यांचा हात झाकणावरच होता. "तुझ्यावर राग होता. आता कुणावर धरू ते कळत नाही."

मी त्याच संध्याकाळी काम सोडलं. माझी जुनी नावं काढून टाकता येतील का, असंही विचारलं. उत्तर सभ्य होतं. नावं काढता येतील, पण यंत्र त्यावरून जे शिकलं ते निघणार नाही. मला ते आधीच माहीत होतं. शिकलेलं एका जागी नसतं, लाखो आकड्यांत थोडं थोडं मुरलेलं असतं. भिजवलेल्या कणकेतून मीठ वेचून काढा म्हणण्यासारखं.

शनिवारी संगोपन अधिकारी आल्या. माझ्याच वयाची मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, बोलणं गोड. मंजिरीला तिनं मोराचं स्टिकर दिलं. माईंनी दिलेला लाडू खाल्ला, छान झालाय म्हणाली.

"एकदा झालं ते झालं, वहिनी. परत नका करू. मग माझ्याही हातात काही राहत नाही. माझा मुलगाही बालभवनातच असतो, मुलं रडतात पहिले काही दिवस, मग होते सवय." निघताना ती दारात वळली. "मी मुद्दाम चारनंतर आले. दीड ते तीन झोपते ना ही?"

मी तिला मंजिरीच्या झोपेबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. तिच्या आवाजात दटावणी नव्हती. खरोखरच मुलीची झोप मोडू नये म्हणून थांबली होती ती. मला वाटलं, धमकी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी देवळाबाहेरचा सप्ताहाचा फळा धुऊन घेतला आणि वर खडूनं लिहिलं: 'येत्या रविवारी दिवेलागणीला आम्ही मेन पाडणार.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, घर नंबर, सही.

"यादी झालीच आहे," ते जमलेल्यांना म्हणाले. "निदान अक्षर तरी आपलं असू दे. ज्याला लिहायचं त्यानं लिहा, ज्याला नाही त्याला कुणी एक शब्द विचारणार नाही. चूक माझी होती. लपून करायची गोष्टच नव्हती ही."

एकशे त्रेसष्टांचे चव्वेचाळीस झाले. दुसरं नाव दिगूचं होतं. लहान मुलं असलेली घरं त्यात फक्त नऊ.

"अण्णांचं ठीक आहे," केदार जेवताना म्हणाला. "त्यांचं पोर म्हणजे मी. मला काय नेणार बालभवनात? पण मंजूला पणाला लावायचं का आपण?"

अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही. "आपल्या घराचा मेन मी पाडणार नाही. नाव माझं लिहिलंय, ते दंड भरेल, तुरुंगात जाईल. पण पोर तुमचं आहे. सरकारचं नाही, तसं समितीचंही नाही. तुम्ही दोघं ठरवा. नाही पाडला तर मी फळ्यावरचं नाव पुसून येईन, आणि तुमच्यावर रुसणारही नाही."

माई नुसत्या मंजिरीच्या भातावर तूप वाढत राहिल्या.

त्या आठवड्यात दुपारी मी काही काम नसताना मंजिरीशेजारी पडून राहायचे. तिचा श्वास ऐकायचे. आठ ते सहा. तिथे तिला पाठीवर हात लागतो हे कोण सांगणार? आणि मग फ्रिज दोन उचक्या द्यायचा, आणि मला वाटायचं, आत्ता कुणीतरी लिहिलं असेल, मूल झोपलं, आई शेजारी आहे, काम करत नाही. मंजिरी माझ्याजवळ होती. पण तिची झोप आमच्या दोघींची उरली नव्हती.

शनिवारी रात्रीच्या पाळीला जाताना केदार चप्पल घालता घालता म्हणाला, "उद्या मी वेळेत येईन. तू जे करशील त्याला मी आहे."

रविवारी सूर्यास्त सहा तेहतीसला होता. अण्णा अंगणात तुळशीपाशी पाठमोरे उभे होते, मुद्दामच. माईंनी पणतीत वात घालून ठेवली होती. केदारनं स्टूल आणून मेनखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मंजिरीला कडेवर घेऊन वर चढले.

"मी पण," ती म्हणाली.

"नाही. हे आईचं काम आहे."

खटका माझ्या वाटण्यापेक्षा जड होता. तो खाली आला आणि फ्रिज घूं घूं करता करता मध्येच थांबला. कॉलनीत इकडे तिकडे खिडक्या काळ्या झाल्या, मोजक्याच, दात पडल्यासारख्या. समोर कालिंदीताईंच्या घरी ट्यूब लखलखीत होती. मग तीही गेली.

मीटरवरचा बारीक लाल दिवा मात्र जळत होता. मंजिरीनं त्याच्याकडे बोट केलं.

"तो लिहितोय आपलं?"

"हो."

"त्याला तू शिकवलंस ना? देवळात म्हणालीस तू."

"हो गं."

माईंनी पणती लावली. मंजिरीनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला, महत्त्वाचं काही विचारायचं असलं की धरते तसा.

"मग आई, त्याला विसरायला का नाही शिकवत?"